अरुंद घराच्या चौकावर काय घालावं : जाळी, शेडनेट, पॉलिकार्बोनेट, काच की सरकतं छप्पर

१८ फूट रुंद, ५० फूट खोल, दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती. असा प्लॉट गावठाणात मिळतो, तसाच नव्या रो-हाउस स्कीममध्येही मिळतो. उजेड येणार तो फक्त पुढून आणि मागून. खिडकीची वरची कड २.१ मीटरवर असेल, तर कामापुरता उजेड खोलीत तिच्या दोन ते अडीच पट, म्हणजे साधारण ४.२ ते ५.२ मीटर आत पोचतो. मधल्या भागात जिना, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर येतं, आणि तिथे भर दुपारीही दिवा लावावा लागतो. मधे चौक सोडला की हा प्रश्न सुटतो, यावर फारसं कुणाचं दुमत नसतं. घोळ होतो तो चौकाच्या डोक्यावर काय घालायचं यावर, आणि तो निर्णय बहुतेक घरांत सगळ्यात शेवटी, पैसे संपत आल्यावर, फॅब्रिकेटर सुचवेल तसा घेतला जातो. या परीक्षणात बाजारात मिळणारे पर्याय एकाच चौकावर तोलून पाहिले आहेत : ३ मीटर बाय ३ मीटरचा चौक, तळमजला अधिक एक मजला, कठड्याची वरची कड जमिनीपासून साधारण साडेसात मीटर.

निकाल आधीच सांगतो. पुणे, नाशिक, संभाजीनगर, विदर्भ अशा कमी-मध्यम पावसाच्या भागात उघडा चौक, त्यावर लोखंडी जाळी आणि फेब्रुवारी ते मे शेडनेट, हा सर्वांत चांगला आणि स्वस्त पर्याय आहे. कोकणात आणि मुंबई-ठाण्याकडे कठड्यापासून दीड फूट वर उचललेलं १० मिमीचं दुधी मल्टिवॉल पॉलिकार्बोनेट घ्यावं. लॅमिनेटेड काच उत्तम आहे, पण ती झेपणारा सांगाडा आणि ती नीट बसवणारा माणूस मिळत असेल तरच. मोटारचं सरकतं छप्पर थोड्याच घरांना योग्य ठरतं. फायबरचा पत्रा आणि कठड्यावर सपाट टेकवलेलं पारदर्शक शीट, हे दोन पर्याय घेऊच नयेत.

कारण समजायला आधी सूर्य पाहू. पुण्याचा अक्षांश १८.५ अंश. डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो. चौकाची उत्तर-दक्षिण लांबी ३ मीटर असेल तर ऊन उत्तरेकडच्या भिंतीवर कठड्यापासून जेमतेम ३.३ मीटर खाली उतरतं. म्हणजे वरच्या मजल्याला हिवाळ्याचं ऊन मिळतं, तळमजल्याला फक्त उजेड. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी हाच कोन ७१.५ अंश होतो, ऊन ९ मीटर खोल जाऊ शकतं आणि चौकाच्या फरशीवर येतं. मेच्या मध्याला आणि जुलैअखेर सूर्य अगदी डोक्यावर असतो. सार असं की, नको असतं तेव्हा ऊन पूर्ण चौकात आणि हवं असतं तेव्हा खाली पोचत नाही. बारमाही एकसारखं आच्छादन या गणिताला धरून चालत नाही, ऋतूप्रमाणे घालता-काढता येणारं चालतं. शेडनेट वरच्या क्रमांकावर येतं ते यामुळे. चौकाला चौरसाऐवजी आयत करायची मुभा असेल तर लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवा. लांबी ४ मीटर झाली तर तेच डिसेंबरचं ऊन साडेचार मीटर खाली येतं.

आता उष्णता. मेमध्ये भर दुपारी आडव्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला साधारण ९०० वॉट ऊन पडतं. ९ चौरस मीटरच्या चौकावर ८.१ किलोवॉट. साध्या पारदर्शक लॅमिनेटेड काचेतून त्यातलं ७० टक्के आत येतं असं धरलं तर ५.७ किलोवॉट होतात, म्हणजे दीड टनाचा एसी खोलीतून जेवढी उष्णता काढतो त्याहून जास्त. आणि ती उष्णता चौकात अडकली तर वरच्या मजल्याच्या खोल्या रात्री दहालाही तापलेल्या राहतात. झाकलेल्या चौकांबद्दलच्या जवळजवळ सगळ्या तक्रारींचं मूळ इथे आहे. दोष शीटवर जातो, पण चूक असते बाजू बंद केल्याची.

त्यामुळे कोणतंही पक्कं आच्छादन घ्या, ते कठड्याच्या वर किमान ४५० मिमी उचललेलं आणि चारही बाजूंनी उघडं हवं. ३ बाय ३ च्या चौकाचा परीघ १२ मीटर. ४५० मिमीच्या फटीने ५.४ चौरस मीटर मोकळीक मिळते. लुव्हर (तिरक्या पट्ट्यांची झडप) आणि डासांची जाळी घातली तर तिच्यातली निम्मीच हाताशी राहते, तरीही ती पुरेशी आहे. पण गरम हवा वरून जायची तर खालून थंड हवा आत यायला हवी. पुढच्या किंवा मागच्या दाराला खालच्या अंगाला लुव्हर, किंवा सेफ्टी डोअरची जाळी, मिळून किमान १ चौरस मीटर. वर-खाली प्रत्येकी १ चौरस मीटर निव्वळ मोकळीक, ८ मीटर उंची आणि आत-बाहेरच्या तापमानात ४ अंशांचा फरक असेल तर हिशेबाने तासाला सुमारे २००० घनमीटर हवा बाहेर पडते. अशा घरातली सगळी हवा तासाला चार-पाच वेळा बदलण्याइतकी. पंखा नको, वीज नको. खालची वाट बंद असेल तर वरची फट कितीही मोठी ठेवा, हवा हलत नाही.

लोखंडी जाळी आणि उघडा चौक

वाड्यांमध्ये चौक उघडाच असे. पुण्यातला १८०७ चा विश्रामबागवाडा पाहिला तर लक्षात येतं की ऊन-पाऊस थेट आत येत असूनही माणूस कोरडा राहतो, कारण चौकाभोवती ओसरी फिरते आणि पागोळ्या तिच्या पलीकडे पडतात. उघडा चौक जमतो की नाही हे त्या कोरड्या वाटेवर ठरतं. जपानी वास्तुकार तादाओ आंदोंनी १९७६ मध्ये ओसाकाच्या सुमियोशी भागात बांधलेलं घर साडेतीन मीटरपेक्षाही कमी रुंद आणि १४ मीटर खोल आहे. त्याचा मधला तिसरा हिस्सा पूर्ण उघडा आहे आणि झोपायच्या खोलीतून न्हाणीघराकडे जायला पावसातून जावं लागतं. ते घर जगभर गाजलं, उजेडाच्या बाबतीत ते विलक्षण आहे, पण म्हातारी माणसं आणि लहान मुलं असलेल्या आपल्या घरांना ती अट परवडत नाही. १८ फुटी प्लॉटवर भिंती वगळून सुमारे ५ मीटर रुंदी उरते. ३ मीटर चौक, १ मीटर ओसरी, ९०० मिमीचा जिना, एवढं जेमतेम बसतं. ओसरी चारी बाजूंनी नाही झाली तरी चालेल, पण स्वयंपाकघर, जिना आणि न्हाणीघर जोडणारी एक बाजू छपराखाली हवीच. वरच्या मजल्याची गॅलरी ओसरीच्या कडेबाहेर आणखी ६०० मिमी काढली तर झड बरीचशी अडते.

जाळीला १२ मिमीचे चौकोनी बार, १०० मिमी अंतराने. चोर आणि गच्चीवर खेळणारी मुलं, दोन्हींसाठी हे अंतर बरोबर आहे. त्याहून मोठं ठेवू नये. गॅल्व्हनायझिंग हॉट-डिप (वितळलेल्या जस्तात बुडवून) करून घ्या आणि ते वेल्डिंग झाल्यावर करा. आधी गॅल्व्हनाइझ केलेले बार आणून वेल्ड केले की नेमका सांधा उघडा पडतो आणि पहिल्याच पावसाळ्यात भिंतीवर तांबडे ओघळ येतात. समुद्रापासून जवळच्या गावांत नुसता रंग दोन वर्षंही तग धरत नाही.

कबुतरांचा त्रास जिथे आहे तिथे जाळीवर २५ मिमी चौकोनाची स्टेनलेस वेल्डमेश घाला, ३०४ ग्रेडची. नायलॉनची जाळी उन्हाने ठिसूळ होते, आणि तिच्यात अडकलेलं कबुतर काढायला माणूस चढवणं धोक्याचं असतं.

शेडनेट

शेतकऱ्यांना हे सांगायला नको. रोपवाटिकेवर लागतं तेच यूव्ही-स्थिर केलेलं एचडीपीई नेट. चौकाला ५० टक्के सावलीचं पुरतं, ७५ टक्क्यांचं घेतलं तर तळमजला अंधारतो. हिरवं नेट स्वस्त आणि सहज मिळतं, पण खाली सगळ्यावर हिरवी छटा येते आणि स्वयंपाकघरात भाजी ताजी की शिळी हेही नीट कळत नाही. पांढरं किंवा काळं घ्या. काळं नेट स्वतः तापतं, पण ते चौकाबाहेर, वाऱ्यात असल्याने ती उष्णता वरच्यावर निघून जाते. ऊन काचेच्या आत आल्यावर पडद्याने अडवणं आणि ते बाहेरच अडवणं, यात मोठा फरक आहे. बाहेरचं नेट म्हणूनच महागड्या ब्लाइंडपेक्षा सरस.

बसवताना नेट चारी कडांना दुमडून शिवून घ्या, दर ३०० मिमीला पितळी आयलेट, आणि कठड्याच्या हुकांवर ३ मिमी स्टेनलेस वायरने ताणा. मधे झोळ राहिला तर वळवाच्या पावसात आणि वादळात ते फडफडून फाटतं. मेअखेर उतरवा, धुवा, गुंडाळून ठेवा. चांगलं नेट तीन ते पाच वर्षं टिकतं. कुणी गच्चीवर चढून हे दोनदा करणार नसेल तर हा पर्याय तुमच्यासाठी नाही, आणि तसं आधीच प्रामाणिकपणे ठरवलेलं बरं.

मल्टिवॉल पॉलिकार्बोनेट

बाजारात याला सर्रास लेक्झान म्हणतात, कंपनी कोणतीही असो. दोन पातळ पापुद्रे आणि मधे उभ्या नळ्या अशी रचना. १० मिमीच्या शीटचं वजन चौरस मीटरला १.७ किलो. ही त्याची मोठी ताकद आहे. अरुंद गल्लीत क्रेन येत नाही, जिन्याने काच चढवणं जिवावर येतं, आणि हे शीट मात्र एक माणूस उचलतो. सांगाडाही हलका लागतो.

हेच हलकेपण वाऱ्याला भारी पडतं. वाऱ्याच्या भारमानकात (आयएस ८७५, भाग ३) पुण्यासाठी मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद आणि मुंबई-नागपूरसाठी ४४ आहे. त्यावरून मूळ दाब अनुक्रमे चौरस मीटरला ९१० आणि ११६० न्यूटनच्या घरात येतो. म्हणजे १.७ किलोच्या शीटला वर उचलणारं बल ९० ते १२० किलोच्या मापाचं, आणि बाजू उघड्या असल्याने वारा खालूनही लावतो. छप्पर पडू नये म्हणून नव्हे, उडू नये म्हणून बांधायचं असतं. सांगाड्याचे पाय चार इंची विटांच्या कठड्यावर ठोकू देऊ नका. चौकाभोवती १५० मिमी जाडीची आरसीसी पट्टी स्लॅबबरोबरच ओतून घ्या, गच्चीच्या फरशीपासून किमान २३० मिमी वर. ती गच्चीचं पाणी चौकात येऊ देत नाही आणि पायांना पकडही देते. प्रत्येक पायाला १५० बाय १५० बाय ८ मिमी प्लेट आणि १० किंवा १२ मिमीचे चार अँकर. अंतिम माप स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पडताळून घ्या. ही फी वाचवू नये.

शीट २१०० मिमी रुंदीत मिळतं. राफ्टर (शीटखालचे आधाराचे पाइप) ७०० मिमीवर ठेवले तर एका शीटचे तीन सारखे तुकडे होतात आणि वाया काही जात नाही. नळ्या उताराच्या दिशेने हव्यात, आडव्या कधीच नाहीत. उतार किमान ५ अंश, म्हणजे ३ मीटरला सुमारे २६० मिमी. त्याहून कमी उतारावर धूळ धुऊन जात नाही. कापल्यावर नळ्यांतला भुगा हवा मारून काढा. वरचं तोंड सलग ॲल्युमिनियम टेपने बंद करा, खालचं सच्छिद्र टेपने, म्हणजे आत साचलेला दमट वाफारा बाहेर जातो. दोन वर्षांत नळ्यांत हिरवं शेवाळ दिसायला लागलेली छपरं पाहिली तर त्यांच्यात हा टेप एकतर नसतो किंवा खाली-वर सारखाच साधा सेलोटेप असतो.

प्रसरणाचा हिशेब बरेच फॅब्रिकेटर करतच नाहीत. पॉलिकार्बोनेट दर मीटरला दर अंशाला ०.०६५ मिमी वाढतं. ३.६ मीटरचं शीट पहाटे ते दुपार ४५ अंशांनी तापलं तर १० मिमीहून जास्त वाढतं, आणि त्याखालचं लोखंड फक्त दोनेक मिमी. शीटमधून घट्ट स्क्रू मारलेला असेल तर ते भोकापाशी तडकतं, आणि त्याआधी महिनोन् महिने सकाळ-संध्याकाळ छपरातून कट-कट आवाज येत राहतो. म्हणून स्क्रू शीटमधून न मारता वरून ॲल्युमिनियमची पट्टी आणि खाली-वर ईपीडीएम रबर, अशी पकड घ्या. टोकांना १० मिमी जागा सोडा. रबर पीव्हीसीचं नको, त्यातलं तेल पॉलिकार्बोनेटला चिरा पाडतं. सिलिकॉन न्यूट्रल हवं. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते वापरू देऊ नका.

रंगात दुधी घ्या. पारदर्शक शीट साधारण ८० टक्के उजेड देतं, पण खाली कवडसे आणि चमक येते, आणि धूळ, पानं, कबुतरांची घाण सगळी दिसते. दुधी शीटने उजेड कमी होतो पण पसरतो, आणि चौकाच्या कोपऱ्यापर्यंत सारखा लागतो. कांस्य रंग मात्र टाळा. तो उजेड खूप खातो आणि पावसाळ्यात घर उदास दिसतं.

तोटा एक मोठा आहे : पावसाचा आवाज. १० मिमी शीटवर मुसळधार पाऊस पडला की चौकाला लागून असलेल्या खोलीत फोनवर बोलता येत नाही. १६ मिमी तिहेरी शीटने थोडा कमी होतो, जात नाही. झोपायची खोली चौकाला लागून असेल तर हे आधी ध्यानात घ्या.

सपाट पारदर्शक शीट आणि फायबर

३ मिमीचं भरीव पॉलिकार्बोनेट काचेसारखं दिसतं आणि काचेपेक्षा स्वस्त, म्हणून विकलं जातं. त्यावर ओरखडे लवकर पडतात आणि धूळ पुसली की ते धुरकट होत जातं. त्यातून ऊन जवळजवळ पूर्ण आत येतं. चौकाचं काम त्याने होत नाही. फायबरचा पत्रा, म्हणजे काचतंतू आणि रेझिनचा, काही वर्षांत पिवळा पडतो, पृष्ठभागावर तंतू उघडे पडतात आणि त्यात धूळ घट्ट बसते. गोठ्याला, कारखान्याला ठीक आहे. घराचा सगळा उजेड ज्याच्यातून यायचा त्या जागी नको. दुकानात दोन्ही शेजारी ठेवलेले असतात. फायबर ओळखायला कड पाहा, त्यात धागे दिसतात.

लॅमिनेटेड काच

डोक्यावरची काच लॅमिनेटेडच हवी, इथे तडजोड नाही. नुसती टफन्ड काच फुटली की बारीक तुकड्यांचा सडा खाली पडतो, आणि ती कधीकधी कुणी हात न लावता फुटते, कारण काचेत निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण राहिलेला असतो. टफन्ड काचांची जोडी, मधे १.५२ मिमी पीव्हीबी (प्लास्टिकचा चिकट पडदा), म्हणजे ६ + १.५२ + ६ मिमी, हे ३ मीटरच्या चौकाला योग्य माप. एक थर फुटला तरी तुकडे पडद्याला चिकटून राहतात. कारखान्याकडून हीट-सोक चाचणी (तापवून ठेवून सदोष काच आधीच फोडून काढणं) केलेली काच मागा, त्याचे थोडे पैसे जास्त जातात.

वजन चौरस मीटरला ३२ किलोच्या आसपास. १ बाय १.५ मीटरचा तुकडा ४८ किलो. त्याहून मोठे तुकडे काढू नका, कारण ते तुमच्याच ९०० मिमीच्या जिन्यावरून वर न्यायचे आहेत, आणि दहा वर्षांनी एखादा बदलावा लागला तर तेव्हाही. ३.६ मीटर गाळ्याला, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराला, १०० बाय ५० बाय ३ मिमीचे पाइप, १ मीटर अंतरावर, हे साधारण माप. काच लोखंडाला कुठेही टेकता कामा नये. खाली ईपीडीएम, कडेला १५ ते २० मिमी बैठक. खालच्या कडेला उभी पट्टी लावून पाणी अडवू नका. तिथे धूळ साचून काळी रेघ पडते आणि ओली राहिलेली कड पीव्हीबीला पांढरट करते. तिथला सांधा काचेच्या पातळीतच सिलिकॉनने भरा. आणि इथेही सिलिकॉन न्यूट्रलच.

आवाज जवळजवळ नाही, आकाश दिसतं, पौर्णिमेला चांदणं चौकात उतरतं. खर्च सांगाड्यासकट मल्टिवॉलच्या दुपटीहून जास्त. उन्हाळ्यात शेडनेटसाठी हुक इथेही ठेवा, नाहीतर वर काढलेला ५.७ किलोवॉटचा हिशेब लागू पडतो. पैसे मर्यादित असतील तर एक चांगला मार्ग आहे : चौकाचा उत्तरेकडचा तिसरा हिस्सा काचेचा, बाकी दुधी मल्टिवॉल. आकाशही मिळतं आणि खर्चही आवाक्यात राहतो.

मोटारचं सरकतं छप्पर

उघडा चौक आणि झाकलेला चौक, दोन्ही एकाच घरात. कल्पना योग्यच आहे. अडचण रुळांची. धूळ, पिंपळाची पानं, कबुतरांची काटकी, सगळं रुळात जातं, आणि छप्पर नेमकं पहिल्या वळवाच्या पावसात अर्ध्यावर अडकतं. घ्यायचंच असेल तर चार गोष्टी लेखी घ्या : हाताने फिरवायचा दांडा, आयपी ६५ दर्जाची (धूळ-पाणी आत न जाणारी) मोटार, इन्व्हर्टरवर चालेल अशी जोडणी, आणि वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरमध्ये, रूळ साफ करण्याचा देखभाल करार. छप्पर सरकून कुठे जाणार हेही पाहा. ३ मीटर छप्पर सरकवायला गच्चीवर पुढे ३ मीटर मोकळी जागा लागते, आणि १८ फुटी घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी, सोलर आणि जिन्याची खोली आधीच बसलेली असते. पुरवठादार तुमच्याच जिल्ह्यातला असावा. लांबून आलेला माणूस पहिल्या वर्षानंतर फोन उचलेलच असं नाही.

आच्छादन कोणतंही असो, खाली पाणी येणारच हे धरून चौक करा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला. ९ चौरस मीटरच्या उघड्या चौकात तेवढ्यानेच साडेआठ हजार लिटर पाणी पडलं असतं. एरवीच्या जोरदार सरीचा, ताशी १०० मिमीचा, हिशेब मिनिटाला १५ लिटर. ११० मिमीची एक नळी सहज पुरते, पण नळ्या दोन टाका, कारण पानं एका नळीचं तोंड बंद करतात आणि मग पाणी थेट दिवाणखान्यात येतं. चौकाची फरशी खोल्यांपेक्षा ५० मिमी खाली, उतार ६० ला १, शहाबादी किंवा कोटा पॉलिश न करता. नहाणी ट्रॅपमधलं पाणी उन्हाळ्यात सुकतं आणि दुर्गंधी येते, म्हणून ही नळी ड्रेनेजला न जोडता पावसाळी गटाराला किंवा शोषखड्ड्याला न्या. आरसीसी पट्टीच्या वरच्या कडेला बाहेर काढलेल्या भागाखाली पाणी तुटायला १२ मिमीची खाच ठेवा, नाहीतर ओघळ भिंतीवरून खाली जातात. गच्ची आणि पट्टीच्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई (वाटा) मारून मगच वॉटरप्रूफिंग.

झड अडवायला छप्पर कठड्याबाहेर चारी बाजूंनी ६०० मिमी काढा. ४५० मिमीच्या फटीला एवढं पुढे आलेलं छप्पर ४५ अंशांच्या पावसाला पुरतं. कोकणात वारा त्याहून आडवा असतो, तिथे दक्षिण आणि पश्चिमेच्या बाजूला झेड आकाराचे लुव्हर लावा, उरलेल्या दोन बाजू उघड्या ठेवा.

भिंतींच्या रंगाचा उल्लेख इथेच करायला हवा, कारण शीटवर हजारो रुपये जास्त घालून जेवढा उजेड वाढतो त्याहून जास्त उजेड पांढऱ्या रंगाने वाढतो. पांढरी भिंत पडलेल्या उजेडापैकी ८० टक्के परत टाकते, उघडी वीट ३० च्या आसपास. वरच्या मजल्याच्या भिंती पांढऱ्या, तळमजल्याच्या मॅट क्रीम, म्हणजे डोळ्यांवर चमक येत नाही. विटांचं काम हवंच असेल तर ते एकाच भिंतीवर, आणि ती दक्षिणेकडची, कारण तिच्यावर ऊन तसंही कमी येतं.

मंजुरीबद्दल दोन गोष्टी. राष्ट्रीय बांधकाम संहिता (२०१६) खोल्यांना उजेड-वारा देणाऱ्या आतल्या चौकाची किमान रुंदी ३ मीटर धरते, त्यामुळे ६ फुटी डक्टला चौक म्हणून दाखवता येत नाही. आणि उघडा म्हणून मंजूर झालेला चौक नंतर पक्क्या छपराने झाकला तर तो बांधीव क्षेत्रात धरला जाऊ शकतो. आर्किटेक्टकडून आच्छादनाचा प्रकार मंजुरीच्या नकाशावरच दाखवून घ्या.

कोटेशन घेताना चौरस फुटाचा भाव विचारून थांबू नका. शीटची कंपनी आणि जाडी, यूव्ही थर कोणत्या बाजूला, पाइपची जाडी मिमीमध्ये (२ मिमी सांगून १.६ लावण्याचा प्रकार सर्रास चालतो, व्हर्नियर लावून मोजा), रबराचा प्रकार, दोन्ही टेप, अँकरची संख्या, आणि गॅल्व्हनायझिंग वेल्डिंगनंतरच, हे सगळं कागदावर यायला हवं. शीटवरच्या फिल्मवर यूव्हीची बाजू छापलेली असते. ती बाजू आकाशाकडे आहे हे बसवताना स्वतः उभं राहून पाहा, कारण फिल्म काढल्यावर उलटं बसवलंय की सुलटं हे डोळ्यांना कळत नाही आणि उलटं बसवलेलं शीट काही वर्षांत पिवळं पडतं. बसवून झालं की त्याच दिवशी फिल्म काढायला लावा, उन्हात राहिली तर ती शीटलाच चिकटते. धुताना साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश. थिनर, पेट्रोल आणि अमोनियाचे काच-क्लीनर पॉलिकार्बोनेटला चालत नाहीत. छपराभोवती गच्चीवर ६०० मिमीची चालायची वाट मोकळी ठेवा, म्हणजे लांब दांड्याच्या ब्रशने चारी बाजूंनी मधेपर्यंत हात पोचतो आणि छपरावर पाय ठेवायची वेळ कुणावर येत नाही.